कड नसलेला फळा

डावखारच्या जिल्हा परिषद शाळेतला डिजिटल बोर्ड आठ महिने चादरीखाली होता. आधीचे मुख्याध्यापक येरुणकर गुरुजी यांचं ठाम मत होतं की जी वस्तू आपण वापरत नाही ती बिघडत नाही, आणि या एका मतावर त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी काढली. दसऱ्याला चादर निघाली, काचेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, पोरांनी रांगेने नमस्कार केला आणि चादर परत गेली. दिवाळीनंतर गुरुजी निवृत्त झाले. शाळेच्या चाव्या, पहिली ते पाचवीची सव्वीस पोरं आणि चादरीसकट तो बोर्ड त्यांच्याच हाताखाली शिकवणाऱ्या भक्ती गमरे बाईंच्या ताब्यात आला.

फेब्रुवारीत तालुक्याहून पत्र आलं. सदर बोर्ड वापरात नसल्याचे निदर्शनास आले आहे, तरी विद्यार्थी तो एकत्रितपणे वापरतात याचा पुरावा पंधरा दिवसांत द्यावा, अन्यथा बोर्ड मोठ्या पटाच्या शाळेत हलवण्यात येईल. खाली विस्तार अधिकारी शेडगे साहेबांची सही होती. शेडगे साहेब नुसती पत्रं पाठवणाऱ्यांतले नव्हते. शेजारच्या गावातून त्यांनी अशाच पत्रानंतर दोन संगणक आणि एक कपाट उचलून नेलं होतं, आणि कपाटातली कागदपत्रं तिथल्या बाईंच्या मांडीवर ठेवून गेले होते.

बाईंनी वर्गात पत्र वाचून दाखवलं नाही, पण पोरांना अशा गोष्टी कळतातच. दुसऱ्या दिवशी चादर घडी करून बाकावर ठेवलेली होती आणि पाचवीची भाविका ओल्या फडक्याने काचेवरचं कुंकू पुसत होती. “बाई, नेनार काय ओ त्यो?” एवढंच तिने विचारलं. बाईंनी तेव्हाच ठरवलं की हा बोर्ड जाऊ द्यायचा नाही.

आता एकत्रितपणे वापरायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे पत्रात नव्हतं. बाईंनी अख्खा रविवार मोबाइलवर शोधाशोध केली. वर्गाने मिळून काम करायची साधनं ढिगाने होती. एकात प्रत्येक पोराचा ईमेल लागत होता. दुसरं आठ दिवस फुकट होतं आणि नवव्या दिवशी इंग्रजीत रागावत होतं. तिसऱ्यात सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येत होतं, पण एकाने पुसलं की सगळ्यांचंच पुसलं जात होतं. संध्याकाळी त्यांना एक ऑनलाइन फळा सापडला. लिंक असेल त्याने यावं, रंगीत चिठ्ठी लावावी, तिच्यावर लिहावं, हवी तिथे सरकवावी. आणि या फळ्याला कड नव्हती. बाईंनी त्यावर एक चिठ्ठी लावली, फळा बोटाने थोडा इकडेतिकडे सरकवून पाहिला, आणि मग अर्धा तास त्यांना ती चिठ्ठीच सापडली नाही. हेच साधन घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

काम सोपं होतं. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी लावायची: आपलं घर, दारातलं झाड, जवळची विहीर. घरून मोबाइलवर लिहायचं, शाळेत मोठ्या बोर्डावर सगळ्यांनी मिळून मांडायचं. पोरांचे मोबाइल म्हणजे आईबापांचे मोबाइल, म्हणून बाईंनी पालकसभा घेतली. गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणाऱ्या परेश म्हात्रेने सगळ्यांच्या मोबाइलवर लिंक उघडून दिली, आणि बाई उत्साहाच्या भरात म्हणाल्या की या फळ्यावर जागा कधी संपतच नाही, ज्याच्याकडे लिंक असेल त्याला जागा.

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. डावखार अलिबागच्या बाजूला, मुंबईच्या बोटीपासून तासाभरावरचं गाव. दर रविवारी काळ्या काचांच्या गाडीतून कोणीतरी उतरायचं आणि ‘इथून समुद्र दिसतो का’ असं विचारत बांधावरून फिरायचं. जागा हा शब्द या गावात मोठ्याने उच्चारत नसत.

“कड न्हाय म्हंजी,” ट्रकवाले महिपत घरत सावकाश म्हणाले, “खाडीच्या बाजूला पन न्हाय?”

“खाडीच नाही त्यात.”

“रस्ता?”

“मुलं काढतील तो रस्ता.”

“आन् पयला जाईल त्याला पयली जागा?”

बाईंनी भाबडेपणाने हो म्हटलं. त्या महाडकडच्या. माणसं चांगली जोखायच्या, पण डावखारच्या लोकांची नस त्यांना नऊ वर्षांतही पुरती सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत फळ्यावर एकसष्ट चिठ्ठ्या लागल्या होत्या. सव्वीस पोरांच्या एकसष्ट. फळा उघडल्याउघडल्या समोर जो भाग दिसतो, तिथे बोट ठेवायला जागा उरली नव्हती, कारण ती नाक्यावरची जागा आहे हे लोकांनी लगेच ओळखलं होतं. झाडाबिडांचा पत्ता नव्हता. भाविकाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘घर व अंगण, धर्मा नामा घरत. पूर्वेस महिपत घरत, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस सार्वजनिक विहीर, दक्षिणेस खाजण.’ तिने बापाला घराविषयी काय लिहू म्हणून विचारलं होतं, आणि बापाने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून जुना कागद समोर ठेवला होता. घराविषयी लिहायचं तर चतुःसीमा लिहायची, चारी दिशांना कोण आहे ते सांगायचं, दुसरं काय लिहितात हे त्या घराला ठाऊक नव्हतं. गावातल्या इतर घरांनाही नव्हतं. एकूण एक चिठ्ठीवर चतुःसीमा होती.

दुपारपर्यंत कोणीतरी आपली चिठ्ठी ताणून सहापट केली. कोणीतरी लाल रेघ ओढून तिला कंपाउंड म्हटलं. पंधरा वर्षं पनवेलला राहणाऱ्या गुणाजी म्हात्रेंनी तिथून एक चिठ्ठी लावली आणि तिच्यावर ‘वडिलोपार्जित, विकणे नाही’ असं लिहिलं. संध्याकाळी बाईंना फोन येऊ लागले. शेजाऱ्याची चिठ्ठी माझ्या चिठ्ठीवर चार बोटं चढलीय, मोजायला कधी येता, असा एकंदर सूर होता. एका काकांनी तर तलाठ्याला बोलवायची तयारी दाखवली.

फळ्याला काही काळ कुलूप घालायचं असं बाईंनी ठरवलं. सकाळच्या एसटीत बसून त्यांनी मोबाइल काढला. कुलूप कसं घालतात हे परेशला माहीत असणार, तेव्हा त्याला मदतनीस करून घ्यावं, असा साधा विचार होता. परेशच्या नावापुढे तीन पर्याय आले: पाहणारा, लिहिणारा, मालक. बाईंचा अंगठा मधल्या पर्यायावर टेकतोय तोच एसटी खड्ड्यात गेली. अलिबागच्या रस्त्यावर खड्ड्याला दोष देण्यात अर्थ नसतो, तो तिथे आधीपासून होता. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मालकी परेश म्हात्रे यांच्याकडे देण्यात आली आहे. आपण आता पाहणारे आहात.’

ज्या शब्दासाठी कोकणात भाऊ भावाला कोर्टात खेचतो, ज्याच्यापायी तीन-तीन पिढ्या तारखा पडतात, तो ‘मालक’ शब्द बाईंनी अंगठ्याने देऊन टाकला होता.

परेश सरळ माणूस होता. बाई दुकानात शिरताच तो म्हणाला की परत करतो, दोन मिनिटांचं काम. पण दुकानात चारपाच माणसं बसलेली होती आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या सोनूबाईही आधारकार्डाच्या कामासाठी आल्या होत्या. सोनूबाईंचं आयुष्य मिठागरात डोक्यावर मीठ वाहण्यात गेलं होतं. गावातलं प्रत्येक आगर आणि प्रत्येक बांध त्यांच्या पायाखालचा होता, आणि त्या बोलू लागल्या की ग्रामपंचायतही गप्प बसायची.

“परेश, हात लावू नको,” त्या म्हणाल्या. “गावाची जागा गावच्या मान्साच्या नावावर आयली हाय. आता ती भायेर जायाची न्हाय. बाई, राग नका मानू. तुमी बघा की बसून, बघायला कोनाची ना हाय?”

बाईंना राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. नऊ वर्षं या गावात शिकवून आपण अजून बाहेरच्याच, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या वर्गात आल्या, बोर्ड सुरू केला आणि आपल्याच फळ्याकडे पाहणारी म्हणून पाहत बसल्या.

गंमत त्यानंतर सुरू झाली, आणि ती पोरांनी केली. भाविका बोर्डासमोर उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती. वाचता वाचता ती थांबली. भागोजी पाटलांच्या दक्षिणेला विहीर होती, मग विहिरीच्या उत्तरेला भागोजी पाटील हवेत. पण ते होते फळ्याच्या दुसऱ्या टोकाला, नाक्यावरची जागा पकडून. तिने परेशदादाच्या परवानगीने ती चिठ्ठी उचलून विहिरीच्या वर आणली. भागोजींनी घरून ती परत नाक्यावर नेली. तेव्हा भाविकाने त्यांना फोन करून त्यांचीच चतुःसीमा वाचून दाखवली. स्वतःच्या कागदाला खोटं म्हणणं कोणाला जमतं? भागोजी मुकाट्याने विहिरीजवळ आले.

मग अख्खा वर्ग त्यामागे लागला. ज्याच्या पश्चिमेला अमुक, त्याच्या पूर्वेला तमुक हवा; नसेल तर दोघांतला एक चुकतोय. पोरं बोर्डाला दोन्ही हातांनी भिडली. सुट्टीत घराघरांत जाऊन विचारून येऊ लागली. जिथे कागदही सांगेना तिथे खिचडीचं पातेलं खाली ठेवून सोनूबाई येत आणि ओल्या हाताने सांगत की इथे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार होतं, त्याच्या पलीकडे म्हात्र्यांचं आगर. नाक्यावरची गर्दी पांगत गेली. चिठ्ठी चिठ्ठीला लागली, मधून रस्ता निघाला, खाली खाडीचं पाणी शिरणारं खाजण पसरलं. तिसरीतली जी पोरं सूर्य उगवतो ती पश्चिम म्हणायची, ती आता ‘माझ्या उत्तरेस बसलेला मला चिमटे काढतो’ अशा तक्रारी आणू लागली. आठव्या दिवशी बाई मागच्या बाकावर बसून पाहत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की समोर डावखार गाव उभं आहे. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली, कारण एक गाठ सुटत नव्हती.

ती गाठ भाविकाच्या घराजवळच होती. महिपत घरत आणि धर्मा घरत हे सख्खे भाऊ, घरं शेजारी शेजारी, आणि मधे तीन हात रुंदीची पट्टी. पट्टीत एक शेवगा. दोघांच्याही कागदात पट्टी आपलीच होती. या पट्टीपायी दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते; महिपतांचा सनी आणि धर्मांची भाविका मात्र पाचवीत एका बाकावर बसत. महिपत ट्रक भरेपर्यंत मोबाइल काढून आपली चिठ्ठी शेवग्यावर सरकवायचे. धर्मा मिठागरावर मुकादम होते. ते मिठाच्या राशीआड उभे राहून ती मागे ढकलायचे. हे किती वेळा झालं ते फळा स्वतः लिहून ठेवत होता. तीनशे बारा वेळा.

पंधराव्या दिवशी शेडगे साहेब आले ते टेम्पो घेऊनच. सोबत दोन हमाल आणि काच गुंडाळायला एक जाड रजई. रजई पाहून पहिलीतलं एक पोर रडायला लागलं. खिडक्यांतून गाव आत डोकावत होतं, आणि सगळ्यांत मागे, एकमेकांपासून अंतर राखून, महिपत आणि धर्माही आले होते.

साहेबांनी फळा पाहिला. त्यांना अपेक्षा बेरजा-वजाबाक्यांची असावी. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. बाईंच्या आधी सनी पुढे झाला आणि म्हणाला की हे गाव हाय, साहेब, आमी जोडलंय. साहेब म्हणाले की हे मोठ्या माणसाने करून दिलेलं दिसतं. यावर भाविकाने त्यांना कोणतंही एक घर निवडायला सांगितलं. साहेबांनी निवडलं, तिने डोळे मिटून त्याच्या चारी बाजू सांगितल्या. साहेब कसलेले अधिकारी होते. पाठांतर कोणीही करतं, ते म्हणाले, आपण प्रत्यक्ष पाहू. एक जरी चूक निघाली तरी बोर्ड टेम्पोत.

मग वरात निघाली. पुढे सव्वीस पोरं, मागे मोबाइल हातात धरलेले साहेब, त्यांच्या मागे हमाल आणि त्यांच्या मागे गाव. प्रत्येक दारापाशी साहेब थांबत, चिठ्ठी वाचत, चारी दिशांना मान वळवत. विहीर जुळली. भागोजी जुळले. पाणी आत घ्यायचं दार जुळलं. ते पाहायला गेले तेव्हा साहेबांचा एक बूट चिखलात राहिला आणि तो हमालाने काढून दिला. पनवेलच्या गुणाजींची बंद खोलीही जिथल्या तिथे होती. पोरांचे चेहरे उजळत चालले होते. बाईंचा मात्र पाय उचलत नव्हता, कारण वाट आता शेवग्याकडे वळली होती.

दोन घरांच्या मधे साहेब थांबले. महिपत आपल्या ओटीवर चढून उभे राहिले, धर्मा आपल्या. साहेबांनी धर्मांची चिठ्ठी वाचली आणि कपाळाला आठी घातली.

“पूर्वेस भक्ती बाईंचं घर,” त्यांनी मोठ्याने वाचलं. मग महिपतांची वाचली. “पश्चिमेस भक्ती बाईंचं घर.”

बाईंनी घाईघाईने आपला मोबाइल उघडला. दोन्ही चिठ्ठ्यांच्या मधे, शेवग्यावर, एक अरुंद हिरवी चिठ्ठी लावलेली होती: ‘भक्ती गमरे बाई. पूर्वेस महिपत घरत, पश्चिमेस धर्मा घरत.’ ती त्या सकाळी लागली होती.

“कोणी केलं हे?” साहेबांनी विचारलं.

“आमी दोगांनी,” सनी म्हणाला. भाविका त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. “दोगांच्या सीमा जुळत नव्हत्या साहेब. बोर्ड गेला असता. मधी कोनतरी पायजे होता, ज्याच्याशी कोनाचं भांडान न्हाय.”

साहेबांनी आधी एका ओटीकडे पाहिलं, मग दुसऱ्या. हे बरोबर आहे का, असा साधा प्रश्न त्यांनी केला. चूक म्हटलं की पट्टी राहत होती आणि बोर्ड जात होता. बरोबर म्हटलं की बोर्ड राहत होता आणि अकरा वर्षांचा हक्क जात होता. महिपतांनी सनीकडे पाहिलं. धर्मांनी भाविकाकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती.

“बरोबर हाय,” महिपत म्हणाले.

धर्मांनी घसा साफ केला. “दादा म्हनतो तसंच हाय,” ते म्हणाले. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडी दादा हा शब्द आला नव्हता. सोनूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांना दटावून गप्प केलं, जरी सगळे गप्पच होते.

बाईंना पुढचं नीट दिसेना. गावातल्या माणसाच्या नावावर आलेली जागा बाहेर जायची नाही म्हणणाऱ्या गावाने त्यांना ऐन मध्यावर, दोन भावांच्या कुशीत, तीन हातांचं घर दिलं होतं. आजवर एवढा मान त्यांना कोणी दिला नव्हता. त्या नुसत्या हसल्या.

साहेबांनी ओटीवर बसून तपासणीचा फॉर्म काढला. बोर्ड वापरात आहे: होय. विद्यार्थी एकत्रितपणे वापरतात: होय. पुराव्यात त्यांनी ‘संपूर्ण गाव’ असं लिहिलं. पोरांनी एकच ओरडा केला, हमालांनी रजई परत टेम्पोत टाकली, कोणीतरी शहाळी फोडायला धावलं. साहेबांचं पेन मात्र फॉर्मच्या शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं.

“शिक्षक मुख्यालयी, म्हणजे गावातच, राहतात का?” त्यांनी वाचलं, आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

ओरडा बंद झाला. बाई रोज सकाळी अलिबागहून एसटीने येतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. या रकान्याने तालुक्यातल्या भल्याभल्या शिक्षकांना नोटिसा दिल्या होत्या. बाई खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दोन्ही ओट्यांवरून एकदमच आवाज आला.

“ह्ये काय घर,” महिपत आणि धर्मा म्हणाले, आणि दोघांनीही एकाच वेळी मधल्या पट्टीकडे हात केला.

साहेबांनी पाहिलं. तीन हात जागा. एक शेवगा, त्याला लोंबणाऱ्या शेंगा, बुंध्याशी माती उकरणारी कोंबडी. मग त्यांनी मोबाइलवरची हिरवी चिठ्ठी पाहिली, मग दोन्ही भावांकडे, मग पोरांकडे. आज सबंध दिवसात या फळ्यावर एकही चूक निघाली नव्हती, आणि ती शेवटच्या रकान्यात काढणं साहेबांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी ‘होय’ लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्मची घडी खिशात ठेवली.

“पावसाळ्याआधी छप्पर तेवढं घालून घ्या, बाई,” असं म्हणून साहेब रिकाम्या टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसले.